मुनीमाचं पथ्य

दांडिया बाजाराच्या वळणावर रजकावाला बसतो,
हातगाडीवर हिरव्या जुड्या रचून.
लोक दहा रुपये देतात,
तिथल्या तिथं गाईच्या तोंडात घास घालतात
आणि हात कपाळाला लावून ऑफिसला जातात.
मी मात्र जुडी घरी आणायची.
माझी गाय एक किलो दोनशे ग्रॅमची,
गॅलरीतल्या खोक्यात.

पारीख सुरतेला गेले तेव्हा ठेवून गेले.
"मासी, राखजो ने, महिनानी तो वात छे."
त्या महिन्याला आता तीन वर्षं झाली.
पोट पुढं टाकून, मिशा फुगवून बसायचा,
दिवाळीच्या वह्या उघडल्यासारखा.
म्हणून मुनीम.
जिन्यात पिशवी वाजली की आतून शीळ.

रजका, पालक, वर मूठभर सुवा.
हिरवं ते चांगलं, हे मला कुणी शिकवलं
आठवत नाही. कधी तपासलंही नव्हतं.

मग टॉवेलवर पांढरा डाग.
वाळल्यावर बोटाला कचकचला,
रांगोळी सांडावी तसा.
धुतला. दुसऱ्या दिवशी पुन्हा.
तिसऱ्या दिवशी त्यानं पाठीची कमान केली
आणि थेंबभर लघवीसाठी असा कण्हला
की मी कुकर बंद करून नुसती उभी राहिले.

फतेगंजला डॉक्टर भरूचांनी फिल्म खिडकीशी धरली.
धुकट अंग, मण्यांएवढा कणा,
आणि खाली, जिथं काहीच दिसायला नको,
तिथं पिठाची चिमूट.
"खडो नथी. हजी गाळ छे," ते म्हणाले,
मग माझं आडनाव पाहून मराठीत आले.
"याच्या आतड्याला नको म्हणता येत नाही.
तुम्ही आम्ही लागेल तेवढं कॅल्शियम घेतो, बाकी सोडतो.
हा दिसेल ते सगळं घेतो
आणि लघवीवाटे फेडत बसतो."

मला हसू येत होतं, पण पर्समध्ये
त्याच आठवड्याचा माझा रिपोर्ट होता:
उणे दोन पॉइंट आठ.
माझं हाड काहीच घेत नाही.
तीळ, नाचणी, दूध, रात्रीची ती खडूसारखी गोळी,
सगळं त्याच्या दारावरून परत.

आता फ्रिजवर दोन कागद.
माझ्यावर लिहिलंय वाढवा. त्याच्यावर, जपून.
बंद मात्र नको, भरूचांनी दोनदा बजावलं,
दात जन्मभर वाढतात याचे, त्यांनाही लागतं.
म्हणून रजका लहान पिल्लांसाठी, पालक कुणासाठीच नाही.
वाळकं गवत पोटभर, दिवसभर.
लाल सिमला मिरचीची एक फोड.
खंडेराव मार्केटात भाजीवाली पिशवीत
फुकट कोथिंबीर कोंबते,
तिच्यातल्या चार काड्या मी मोजते, चारच,
उरलेली माझ्या आमटीत.
पाणी फिल्टरचं. उन्हाळ्यात बोअर सुरू झाला
की किटलीच्या तळाशी जे साचतं
ते मी आता ओळखते.

आणि दूर्वा, भरपूर.
फुलवाली विचारते, रोज गणपती बसतो का तुमच्याकडे?
रोज, मी म्हणते.

पहाटे ट्यूबलाइटखाली टॉवेल धरते.
काल स्वच्छ पिवळा. परवाही.
आज कडेला एक पुसट टिकली,
ती खरी आहे की जुनी, कळेना.
बोटानं चोळली. चोळतच राहिले.

बाजारातून येताना रजकावाल्यानं हाक मारली,
"बेन, हमणां देखातां नथी?"
लाज वाटली. दहा रुपये दिले,
जुडी समोरच्या गाईला घातली.
तिनं ती दोरासकट ओढली,
दोर तेवढा मी सोडवून घेतला.

घरी आले तर मुनीम जाळीला नाक लावून.
माझी बोटं हुंगली, एकदा, दोनदा.
मग पाठ फिरवून बसला.
चार काड्या ठेवल्या पुढ्यात.
बराच वेळ हलला नाही.