खुलासा

संदर्भ : आपलं पत्र, जावक क्रमांक पुसट.
विषय : एका रात्रीत, मंजुरीशिवाय केलेली खरेदी.

महोदय,
मी मुळात दातांचा डॉक्टर.
अधीक्षकांची बदली झाली तेव्हा
कायम नोकरीतला मी एकटाच उरलो होतो,
म्हणून किल्ल्यांचा जुडगा माझ्याकडे आला.
सोबत तीस खाटा, अकरा रिक्त पदं
आणि एक गोल शिक्का.
मी त्याच्याशेजारी रोज 'करिता' लिहितो
आणि सही करतो.

सर्जन सहा वर्षं नाही,
पण सर्जनचं टेबल आलंय.
प्लास्टिक न काढलेलं.
त्यावर आम्ही पोलिओचे बॅनर घडी करून ठेवतो.
मासिक आढाव्यात ते 'उपलब्ध' आहे.

मंगळवारच्या व्हीसीत आपण विचारलंत,
प्रसूती का घटल्या?
माझे ओठ हलताना दिसले असतील.
आवाज गेला नाही.
रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर येते,
आणि मला टाकीवरून बोलणं
पदाला शोभणारं वाटलं नाही.

आता त्या रात्रीचं.

रोवणीचे दिवस. दिवसभर बांधीत वाकलेली माणसं
भुईवर पडल्या पडल्या झोपतात.
मैनी उसेंडी, वय पंधरा,
कानामागे मण्यार.
आणली तेव्हा पापण्या मिटत चालल्या होत्या
आणि तिची माय म्हणत होती,
"झोप येऊन रायली जी तिले, झोपू द्या."

कपाटात कुप्या सहा.
लागतात दहा, सुरुवातीलाच.
पोर्टलवर आमची मागणी मे महिन्यापासून
हिरव्या अक्षरांत 'प्रक्रियेत'.
समितीची सभा गणपूर्तीअभावी तहकूब,
अध्यक्ष लग्नाला.
एकशे आठ दुसऱ्या तालुक्यात, एका बाळंतिणीसोबत.

शालिनी दुधबावरे सिस्टर, नोकरीची पाच वर्षं बाकी,
म्हणाल्या, "सर, सहा तं देऊ. बाकीचं मंग पाहू."

पुण्याच्या नेतृत्व कार्यशाळेत
निर्णयाआधी विचारायचे पाच प्रश्न शिकवले होते.
मला एकही आठवला नाही.
मी अशफाकच्या मेडिकलचं शटर बडवलं.
तो लुंगीवरच बाहेर आला, फ्रिज उघडला, थांबला.
"बिल कोणाच्या नावानं?"
माझ्या.
"तुमच्या म्हंजे दवाखान्याच्या, का तुमच्या?"
मी शिक्का मारला.
चौदा कुप्या. दरकरारापेक्षा जास्त भावानं.
आपला आक्षेप क्रमांक दोन बरोबर आहे.

मग श्वास थांबला.
व्हेंटिलेटर आहे आमच्याकडे,
ऑक्सिजनची नळी त्याच्यापासून दोन हात अलीकडे संपते.
म्हणून पिशवी दाबत राहिलो :
सिस्टर, शिपाई, मैनीचा मामा, मी.
वीस-वीस मिनिटं.
मामाला आकडे येत नव्हते,
तो प्रत्येक दाबाला तिचं नाव घेत होता.
सव्वासहाला तिनं पायाचा अंगठा हलवला.
शिपाई बाहेर जाऊन ओकला.

एवढाच खुलासा.
बिल जोडलं आहे. रिकाम्या कुप्याही जपून ठेवल्या आहेत,
लेखापरीक्षकांनी मोजाव्यात.

एक गोष्ट आपण विचारलेली नाही.
आपलं पत्र मिळाल्यावर आठव्या दिवशी
दुसरा एक जण आला. बुधा कुमरे, चाळिशीचा.
कपाट रिकामं होतं.
आपलं पत्र माझ्या खिशात होतं.
त्या रात्री मी सगळं नियमानं केलं.
वेळ नोंदवली, चिठ्ठी लिहिली,
खाली ठळक अक्षरांत 'पुढील उपचारार्थ',
गाडी मागवली, गाडी आली.
वैनगंगेच्या पुलावर कुठेतरी तो गेला.
अलीकडे की पलीकडे, चालकाला सांगता आलं नाही.
पुलाच्या पलीकडे जिल्हा बदलतो,
त्यामुळे आकडा आमच्यात धरायचा की त्यांच्यात
हेही ठरलेलं नाही.

त्याच्याबद्दल अद्याप
कुणाचंच पत्र आलेलं नाही.

आपला विश्वासू,
(सही)
अधीक्षक
करिता