एक्क्याण्णवचे अवयव

सोहारची शाळा, सहावी ब, दुसरा तास.
एसीचं पाणी खिडकीखालच्या बादलीत ठिबकतंय.
मी फळ्यावर साठ लिहितो,
खाली दोन फांद्या काढतो: सहा आणि दहा.
सहाखाली दोन, तीन. दहाखाली दोन, पाच.
आता फुटत नाही त्याला गोल.

"सर, झाड उलटं का?"
थेन्मोळीला विचारल्याशिवाय राहवत नाही.
उलटं नाही गं, मुळं खालीच असतात.
हे इंग्रजीत सांगावं लागतं,
म्हणून विनोद निम्माच पोचतो.
मूळ संख्या हा शब्द या वर्गात
एकट्या अफशान मुकादमला कळतो,
तिचं आजोळ दाभोळचं.
ती हसते. बाकीचे तिला बघून हसतात.

गृहपाठ दिला:
आपल्या माणसाला फोन लावताना
जो आकडा सगळ्यात आधी दाबता, तो फोडून आणा.

दुसऱ्या दिवशी
इथला नऊशे अडुसष्ट भाजलेल्या शेंगेसारखा फुटला:
दोन, दोन, दोन, अकरा, अकरा.
टिजोचे पप्पा मार्चपासून दुबईत.
त्याचा नऊशे एकाहत्तर
दोनाला बधला नाही, साताला नाही, एकोणतीसला नाही.
एकतीसपाशी त्यानं पेन ठेवलं होतं.
"का थांबलास?"
"एकतीस एकतीस नऊशे एकसष्ट, सर.
पुढे जाऊन काय मिळणार?"
हे मी अजून शिकवलं नव्हतं.

आणि एक्क्याण्णव.
जवळजवळ सगळ्यांनी त्याला गोल करून टाकला होता.
दिसतोच तसा, सरळ अंगाचा,
कुणाला भाग न देणारा.
अफशान जागेवरूनच म्हणाली, तेरा साती एक्क्याण्णव.
नानांनी फोनवरून घोटून घेतलेला पाढा,
त्याच हेलात.
वर्ग गप्प. मग खोडरबरांचा आवाज.
तिच्या वहीत आणखी एक झाड होतं, न सांगता काढलेलं:
नऊशे सहासष्ट. दोन, तीन, सात, तेवीस.
आई इथे इस्पितळात नर्स, अब्बा जुबैलला.
दोन्ही झाडांतला सात
तिनं एकाच हिरव्या शाईनं गिरवला होता.
मी तपासून सही केली, दुसरं काही लिहिलं नाही.

रात्री बार्शीहून आई.
जेवलास का, ऊन किती, पगार झाला का,
शेजारच्यांच्या गच्चीवर कुणी टाकी फोडली,
आणि सगळं सांगून संपलं की
दरवेळी तिचा तोच प्रश्न: बाकी काय?
बाकी काही नाही, मी म्हणतो.
निःशेष भाग गेल्यासारखं.
फोन ठेवल्यावर बराच वेळ कान गरम राहतो.

ईदच्या सुट्टीनंतर
हजेरीत टिजोच्या नावावर आडवी रेघ.
तेही सगळे नऊशे एकाहत्तरकडे गेले.
कपाटात त्याचा कंपास राहिलाय, टोक नसलेला.

तीस होते तेव्हा काय वाटेल ते करता यायचं.
सहाचे पाच गट, पाचचे सहा,
कवायतीला तीन रांगा, सहलीला दोघांच्या जोड्या.
आज गट पाडायला उभा राहिलो
आणि बोटांवर काही बसेना.

मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं,
"सर, आपण प्राइम झालो!"
बाकं बडवली. शिट्टीसुद्धा.
मी रागवायला हवं होतं.
मार्करचं टोपण लावलं, काढलं.
म्हटलं, नुसतं ओरडू नका, सिद्ध करा.

वह्या उघडल्या. दोन. तीन. पाच.
पाचापाशी थांबायचं, हे आता सगळ्यांना माहीत आहे,
टिजोनंच शिकवलं.
सगळे थांबले.
थेन्मोळी मात्र मान खाली घालून
शेजारच्या रिकाम्या जागेवर कोपर टेकवून
पुढे करत राहिली: सात, अकरा, तेरा,
सतरा.