एका बोटाची जागा

एमआरआय स्वच्छ. मणके नीट, गाद्या शाबूत.
"तुम्हाला काही झालेलं नाही," साहेब म्हणाले,
आणि ते काही-न-झालेलं घेऊन
मी इस्पितळाचे तीन जिने उतरले,
एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत.

फिजिओच्या खोलीत हुतोक्षीबाईंनी विचारलं, कुठे दुखते?
मी पंजा फिरवला. कंबर, कुल्ला, मांडीची मागची बाजू,
जवळजवळ अर्धी मी.
"पंजा नको. एक बोट ठेव."

अकरा महिन्यांत कुणी एक बोट मागितलं नव्हतं.
ते आपणहून गेलं
पाठीच्या उजव्या खळीपाशी,
गणवेशाचा पट्टा जिथे रुततो तिथे.
"हां, तिथेच," त्या म्हणाल्या,
चाळीत हवी ती खोली सापडावी तशा.

मग प्लास्टिकची हाडं काढली, पिवळी पडलेली.
मध्ये त्रिकास्थी, कमानीतल्या मधल्या दगडासारखी,
खाली इवलंसं माकडहाड, दोन्ही अंगांना पसरट पंख.
सांधा हलतो किती? दोन-चार मिलिमीटर.
भिंतीला चीर पडते, तेवढं.
वरून येणारं सगळं धड
आणि खालून येणारी सगळी जमीन
त्या चिरेत भेटतात.
"दिवसभर काय करते तू?"
उभी राहते, म्हटलं.

काळ्या घोड्याजवळच्या संग्रहालयात,
तळमजला, शिल्पदालन. आठ तास.
खुर्ची आहे; साहेब फेरीवर असले की नसते.
समोर एक यक्षी, नाक फुटलेली,
सगळा भार उजव्या पायावर टाकून, कुल्ला बाहेर.
शाळेची पोरं तिची नक्कल करतात आणि धडपडतात.
सहा वर्षं तिच्यासमोर काढली,
मी कधी तशी उभी राहायला लागले
ते मलाही कळलं नाही.
ती दगड आहे, एवढंच विसरले.

आता रात्री गुडघ्यांत उशी.
कूस बदलायची तर गुडघे जुळवून, अख्खी,
दार फिरतं तशी.
सलवार बसून घालायची. पट्टा पोटावर नाही, हाडांवर.
उताणं पडून तळवे रोवायचे, कुल्ले उचलायचे,
दहा आकडे.
ओजस मोजतो. सातावरून थेट दहावर उडी मारतो.
माया असेल, कंटाळाही असेल.

गेलं का दुखणं? छे.
रविवारी भायखळ्याहून पाच किलो कांदे आणले
एकाच हातात,
सोमवारी ते हजर, माझ्याआधी उठून बसलेलं.
पण आता त्याचा पत्ता माहीत आहे.
शिव्या अर्ध्या अंगाला देत नाही.

काल चारच्या सुमारास दालन रिकामं.
मी दोन्ही पायांवर, समान.
थळे दारातून म्हणाले, "काय बाई, परेड?"
ते चहाला गेल्यावर मी यक्षीच्या मागे गेले.
तिथे कुणी जात नाही.
तिलाही दोन खळ्या आहेत. उजवीत धूळ.

हात लावायला मनाई आहे,
दिवसातून शंभरदा मीच ओरडते.
एक बोट ठेवलं.
गार होतं.