जमा

बारावी ब, पट ऐंशी. प्रॅक्टिकलला आज तीन.
उरलेल्यांचा क्लास असतो.
तिथं सगळे प्रयोग फळ्यावरच होतात,
साका पडतो पण तळाशी काही साचत नाही.
मी तरी काय करते? तीसपैकी अठ्ठावीस देते
आणि खाली सही.

दांगटमामा पिपेटी पुसून ठेवतात,
कोरड्याच होत्या तरी.
किप्सच्या उपकरणात दोन वर्षं आम्ल पडलेलं नाही.
पावसाळ्यात भिंतीतून नासक्या अंड्याचा वास येतो म्हणतात.
येत असेल.

दोघी अनुमापनाला बसल्यात.
"मॅडम, गुलाबी आला!"
आला नाही गं, भडकला. ओत, परत कर.
फिकट हवा, इतका फिकट की खाली पांढरा कागद ठेवूनही
शंका यावी.

तिसरी नाजनीन झारेकरी. रविवार पेठ. रिपीटर.
गेल्या वर्षी समतोलात गेली.
"थांबलंय म्हणता, आणि दोन्हीकडं चालूय म्हणता.
यातलं खरं कुठलं?"
मी म्हटलं, संध्याकाळी सातचा लक्ष्मी रोड बघ.
सराफाच्या दुकानात जेवढे शिरतात
तेवढेच बाहेर पडतात,
गर्दी तेवढीच दिसते.
ती म्हणाली, "आम्ही शिरत नाही मॅडम.
आम्ही पायरी झाडतो."

मग अल्डिहाइड, टॉलेन्सचं ताजं द्रावण,
चंचुपात्रात ऊन पाणी.
हलवू नको, म्हटलं.
परीक्षानळी आधी मळली, मग काळवंडली,
मग एकदम तिच्यात नाजनीनचं नाक,
ट्यूबलाइट, दांगटमामांची टोपी.
"ठेवायचं नसतं हे, वाळलं तर फुटतं.
नायट्रिक टाक, धू, बेसिनमध्ये ओत."
"ओतू?"
"ओत."
"चांदी?"

तिची अम्मी पहाटे पाचला कुंचा घेऊन निघते.
त्या धुळीचे पैसे सराफ
आगाऊ मोजून घेतो.
हे तिनं सांगितलं ते सांगायचं म्हणून नाही,
नळी उन्हात धरून, सहज.

कपाटाखाली एक तपकिरी बरणी आहे.
बावीस वर्षांच्या क्लोराइडच्या चाचण्या,
दह्यासारखे पांढरे साके,
उजेडानं जांभळे, मग काळे पडलेले.
कुठं फेकायचे ते कुणी सांगितलं नाही
म्हणून मामांनी फेकले नाहीत.
शुक्रवारी ती बरणी नाजनीनच्या पिशवीत गेली.
नियमात बसत नाही.
अठ्ठावीस तरी कुठं बसतात?

सोमवारी कागदाची पुडी.
आत चिंचोक्याएवढा खडबडीत गोळा.
सोडा घातला म्हणाली, चिमूटभर टाकणखार,
अब्बांची मूस, अब्बांचा भाता.
"आणि निवताना थुंकली, मॅडम. नेहमी थुंकते. का?"
मला माहीत नव्हतं.
शिकवते पंचवीस वर्षं, आणि खरंच माहीत नव्हतं.
रात्री पुस्तकं काढली:
वितळलेली चांदी हवेतला ऑक्सिजन पिते,
गोठताना तो तिला पेलवत नाही.
वायूची विद्राव्यता. पान सापडलं.
त्यावर माझीच जुनी खूण होती, "परीक्षेला नाही."

तराजूवर अकरा पूर्णांक छत्तीस.
स्टॉकचं रजिस्टर उघडलं.
आले, वापरले, फुटले, शिल्लक.
परत आलं, असा रकानाच नाही.
मामांनी बराच वेळ पेन धरून ठेवलं,
मग "फुटले" खोडलं
आणि त्याच्या डोक्यावर गिचमिड अक्षरात लिहिलं:
जमा.

नाजनीन तोवर ब्युरेट भरत होती.
बोटांवर सिल्व्हर नायट्रेटचे काळे डाग,
चार दिवस जाणार नाहीत.
"समतोलाचं अजून नाही कळलं," ती म्हणाली.
बस, म्हटलं. पहिल्यापासून.
एक थेंब पडला. रंग आला,
गेला.