खुणेची वाटी

कारळीच्या रक्ताचा एक थेंब
आणि पट्टीवर दोन रेघा.
नेर्लेकर डॉक्टरीण चष्मा वर सारून म्हणाली,
ल्युकेमिया. मांजरांचा. माणसाला होत नाही.
मी म्हटलं, माणसाचं कोण विचारतंय बाई,
घरात आणखी दोघं आहेत.

दोघांची एकेकच रेघ आली.
जवशी, तिची सख्खी बहीण, एकाच वेताची,
आणि पैलवान, गंगावेशीतनं मागं लागून आलेला,
दुधाच्या कट्ट्यावर वाढला तरी फुसका.

लाळेतून जातो, म्हणाली.
एका वाटीत नको. एकमेकींना चाटणं नको.
लस देऊ या दोघांना,
पण लस म्हणजे कुलूप नव्हे, नुसती कडी.

सुभाषनगरात आमच्या दोन खोल्या.
मागच्या खोलीत चामडं, फर्मे, खळीचा डबा.
तिथं कारळीचं बस्तान मांडलं.
मधल्या दाराला गुंडूनं जाळी मारली,
दुहेरी, मध्ये चार बोटं वारा सोडून.
खाली फट उरली.
ती मी तळाच्या चामड्याची पट्टी ठोकून बुजवली.

आता आधी ह्या दोघांचं खाणं, मग तिचं.
मग हात कोपरापर्यंत साबणानं,
आणि साडीवर चढवलेला ह्यांचा जुना शर्ट
तिच्याच खोलीत, खुंटीला.
वाट्या तीन, सारख्याच, महाद्वार रोडच्या.
तिच्या वाटीच्या काठाला आरीनं खूण करायला घेतली

आणि हात थांबला.

आज्ज्याची कपबशी अशीच होती.
गावच्या हॉटेलामागं, वळचणीला, कानतुटकी.
आपणच विसळायची, आपणच पालथी घालायची.
त्यानं शिवलेलं पायात घालून
लोक पुढच्या बाकड्यावर चहा प्यायचे.
तो हे चिडून सांगायचा नाही.
एवढंच म्हणायचा, चहा मात्र गोड असायचा गं.

कारळे, ही ती बशी नव्हे.
तुझ्यात खरंच काहीतरी आहे.
त्याच्यात काही नव्हतं.
हे मी मोठ्यानं बोलते,
गुंडू जाळीआडून बघतो,
म्हणतो, आई, मांजराला काय पटवतीस.

खूण केली शेवटी. लहान. बोटालाच कळेल अशी.

रात्री दहापर्यंत मी तिच्यापाशी वेण्या विणते.
ती चामड्याच्या कातरणांत बसते,
एखादी पंजानं ओढते, मग सोडून देते.
पूर्वी सोडत नव्हती.
पलीकडं पैलवान घोरतो.
जवशी जाळीला पाठ लावून निजते,
दिवा मालवला की अलीकडून हीही.
मधल्या चार बोटांत दोघींचे केस जमतात,
काळे, पिंगट.
सकाळी ओल्या फडक्यानं मी ते पुसून काढते,
आणि फडकं उकळते.

परवा दाराखालची पट्टी बदलायला काढली.
चामड्यावर नखांचे ओरखडे,
दोन्ही अंगांनी.
जवशीचे खोल.
हिचे वरच्यावर, आरी घसरल्यासारखे.

नवी कापली, म्हशीची, जाड.
चुका तोंडात धरून ठोकत होते तेव्हा
दोघी दोन्हीकडून
माझ्या हाताकडं बघत होत्या.