बसून येत नाही

शनिवारी रात्री साडेआठला
अमळनेरच्या केबलवर 'भाईदासनी बैठक'.
खाली फरसाणचं दुकान, वर स्टुडिओ,
म्हणून सोफ्यालासुद्धा तळणाचा वास.
मी ऑक्टोपॅडवर. भाईदासचा विनोद पडला
की माझं ढिश्श.
कुणी हसलं नाही तर दोनदा.

गाणारे-वाजवणारे चार वर्षांत खूप येऊन गेले.
वहीवाले आले, त्यांनी डफ शेकायला
लाइटांमध्ये शेगडी मागितली.
एक मावशी कानबाईची गाणी म्हणत
जाहिरातीतही थांबली नाही,
बोअरवेलवाल्याचे पैसे परत करावे लागले.

मग एरंडोलचे गुलाब मास्तर पिंजारी,
जनता ब्रास बँड, क्लॅरिनेट,
लाल कोट, एका खांद्याची झालर गेलेली.

भाईदासने विचारलं, मास्तर,
आजवर किती नवरदेव घोड्यावर चढवले?
ढिश्श.
त्यातले हसत किती उतरले?
ढिश्श.
मास्तर रीड जिभेवर ओली करत राहिले,
सोफ्याच्या काठावर,
उधारी मागायला आलेला माणूस बसतो तसे.
फुंकलं. नुसता वारा.
पुन्हा फुंकलं. किरकिर.
"बठीसन वाजाडता येत नही, भाऊ," ते म्हणाले,
"तीस वरीस व्हयनात, कधी बठनूच नही."
भाईदासने मला डोळा मारला,
मी हात उचलला,
आणि मास्तर उठले.

गालिचा सहा पावलांचा.
सातव्या पावलाला सूर लागला,
आठव्याला ते कॅमेऱ्याबाहेर.
दार, जिना,
जिन्यात वायर संपली,
माईक पायरीवर सोडून ते खाली,
कढईसमोरून, केळीच्या ट्रकांमधून,
रोजच्या वरातीच्या चालीने, ना भरभर ना सावकाश.

गावातले टीव्ही एकदम गप्प झाले
आणि तीच चाल खिडकीतून आत आली.
लोक ओट्यावर आले.
घोडा नाही, बत्त्या नाहीत,
मागे एकटा भाईदास, अनवाणी,
हातात द्यायचं राहिलेलं शाल-श्रीफळ.
कुणीतरी त्याच्यावरूनच
दहाची नोट ओवाळून मास्तरांना दिली.
तो काही बोलला असेल
तर ते कुणाला ऐकू गेलं नाही.

पुढच्या शनिवारी पेटीवाला बोलावला,
मांडी घालून बसणारा.

त्या रात्रीची सीडी माझ्याकडे आहे.
अकरा मिनिटं रिकामा सोफा,
काठ अजून दबलेला,
कोपऱ्यात माझा वर धरलेला हात.
तो खाली केव्हा आला ते कळत नाही,
तिथे शेवेची जाहिरात लागते.