मागचे सात दिवस

नारायण बागेत, दुसऱ्या मजल्यावर, दुपारी सव्वादोनला
टॅब्लेट मांडीवर घेऊन मी विचारते :
मागच्या सात दिवसांत, कुठल्याही एका दिवशी,
निदान एक तास काम केलंत?

हेरंब हसतो. एक तास?
मंगळवारी काका जेवायला वर आले,
तेवढा वेळ खाली झेरॉक्सच्या दुकानात बसलो.
एकजण आधार कार्डाच्या दोन प्रती काढून घेऊन गेला.
चार रुपये. गल्ल्यात टाकले, काकांच्या.

पुरे आहे, मी म्हणते, आणि खरंच पुरे असतं.
हेरंब बोरगावकर, वय एकोणतीस, बी.ई. मेकॅनिकल,
रोजगारात.
तो जरा वेळ स्वतःकडे
दुसऱ्याचा शर्ट घातल्यासारखा बघत राहतो.

त्याची आई काही करत नाही, घरीच असते.
असं म्हणते आणि दाताने दोरा तोडते.
मांडीवर कुणाची तरी जांभळी साडी, फॉल अर्धा लागलेला,
मागे अजून अकरा घड्या, नावांच्या चिठ्ठ्या टोचलेल्या.
प्रशिक्षणात सांगितलं होतं, खोदून विचारा.
अहो, हे काय काम का?
एका साडीचे किती? चाळीस.
मी चौकट बदलते तशी ती घाबरते :
टॅक्स नाही ना लागणार?

शाल्मली, तेहतीस, एम.एस्सी.
शोधत होते दोन वर्षं. मग सोडलं.
ह्या आठवड्यात कुठे अर्ज, कुणाकडे विचारणा?
नाही.
मिळालं तर कराल?
ती खिडकीकडे बघते. उत्तर आई देते :
आता स्थळं बघतोय.

शोधणं सोडलं की माणूस बेकारही उरत नाही.
अंशात नाही, छेदात नाही,
गणितातून उठून
आत चहा टाकायला जातो.

घर क्रमांक सात. बेकार : शून्य.
टॅब्लेट लगेच हिरवा होतो.
ह्यात खोटं काहीच नाही.
ऐकलं तसं भरलंय मी.

जिन्यात चपला घालते तर वरून शाल्मली :
ताई, हे तुमचं सर्वेक्षणाचं,
ह्यात भरती कधी निघते?

नोंद गेलेली असते.
माझं कंत्राट एकतीस मार्चला संपतं,
ते मी सांगत नाही.
पेपर बघत जा, म्हणते.

यादीतलं पुढचं घर अकरा नंबरचं.
मधली तीन दारं नमुन्यात नाहीत.
त्यातल्या एकाआड कुणीतरी भरदुपारी
जुनीच मॅच बघतंय,
आवाज अगदी बारीक करून.